नाना काने आणि नाना काणे

"त्या माणसाला आधी खाली उतरवा," ओकाबे-सान व्हिडिओ कॉलवर म्हणाले.

"कुठून?" मी विचारलं.

"आमच्या गायिकेच्या पानावरून."

मी पान उघडलं. वर ठळक अक्षरांत नाव होतं, नाना काने. जपानची इलेक्ट्रोपॉप गायिका. नावाखाली फोटो होता. फोटोत पंचाहत्तरीचे एक गृहस्थ मांडी घालून पेटी वाजवत होते. अंगात हाताने विणलेला स्वेटर, डोक्याला कानटोपी, मागे भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर.

"हे कोण?" ओकाबे-सान म्हणाले. ते त्या गायिकेचे मॅनेजर. टोकियोहून बोलत होते. आवाज चढवत नव्हते, पण प्रत्येक वाक्यानंतर इतका वेळ थांबत होते की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मंगळवारची सकाळ होती. शुक्रवारी संध्याकाळी सहाला नाना कानेचं दोन वर्षांनंतरचं पहिलं गाणं येणार होतं. शनिवारी तिचा सिंगापूरला कार्यक्रम होता. आणि कार्यक्रमाच्या जाहिरातीवरचा कोड स्कॅन केला की कानटोपीवाले आजोबा उघडत होते.

मी एका म्युझिक ॲपच्या सिंगापूर ऑफिसात कॅटलॉग ऑपरेशन्सला आहे. बारा वर्षं झाली. काम ऐकायला भारी वाटतं, पण ते तलाठ्याचं काम आहे. कुठलं गाणं कुणाचं, हे नोंदवायचं. प्रत्येक कलाकाराला एक नंबर असतो, त्याला आम्ही आर्टिस्ट आयडी म्हणतो. तो त्याचा सातबारा. त्यावर त्याची गाणी, फोटो, त्याने चाहत्यांशी केलेल्या गप्पा, सगळं. कधी एकाच कलाकाराचे चुकून दोन सातबारे होतात. मग आम्ही ते एक करतो. त्याला मर्ज म्हणतात. इथे उलटं झालं होतं. दोन माणसं एकाच सातबाऱ्यावर आली होती.

मी गाण्यांची यादी खाली सरकवली. तिचे चार अल्बम होते. त्यांच्यावर एक पाचवा, नवा अल्बम होता. त्यातल्या गाण्यांची नावं अशी: 'पावकी', 'निमकी', 'पाऊणकी', 'सवायकी', 'दिडकी', 'औटकी'.

मी हेडफोन लावला. पेटीचा सूर आला, तबल्याचा ठेका आला, आणि एक खणखणीत आवाज भूप रागात म्हणाला, "एक औट औट, बे औट सात..."

पाढे होते. साडेतीनचे पाढे. ऑफिसातल्या चौऱ्याऐंशी माणसांत हे कळणारी मी एकटी होते.

*

नाव जुळल्यामुळे हे झालं, इतकं तर उघड होतं. आजोबांचं नावही नाना, आडनाव काणे. मराठीत एक काने आणि एक काणे. रोमन लिपीला ण नाही. तिथे दोघंही सारखेच. पण नुसतं नाव जुळून मर्ज होत नाही. मशीन फक्त सुचवतं, 'हे दोघे एकच वाटतात.' मंजुरी माणूस देतो. शिवाय त्या आजोबांना पानाचा ताबाही मिळालेला होता. म्हणजे फोटो बदलायचा, चाहत्यांना उत्तरं द्यायची, सगळे अधिकार. त्यासाठी ओळख पटवावी लागते. कुणीतरी ती पटवून घेतली होती.

मी हिस्टरी उघडली. दोन्ही मंजुऱ्यांसमोर माझं नाव होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही अशा सूचना बॅचने निकाली काढतो. एका वेळी दोनशे. वरवर बघायच्या आणि सगळ्यांवर एकदम टिक करायची. त्या दोनशेंत हे होते. ओळखीच्या रकान्यात आमच्या व्हेंडरच्या, म्हणजे बाहेरून काम करणाऱ्या कंपनीच्या, माणसाने लिहिलं होतं, 'नाव जुळते. फोटोत वाद्य दिसते.'

घराचे हप्ते, मुलीची शाळा, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. मी पाण्याची बाटली भरून आणली, प्यायले नाही, आणि बॉसच्या केबिनमध्ये गेले.

मिशेल माझी बॉस. सिंगापूरचीच, म्हणून वाक्याला 'लाह' लावणारी. झटपट बोलणारी, झटपट विसरणारी. मी सगळं सांगितलं, माझ्या नावासकट.

"सो तू अप्रूव्ह केलंस?"

"हो."

"आणि तो अंकल तुझ्याच भाषेतला?"

"हो."

"गुड. देन यू आर द एक्स्पर्ट लाह. तूच सोडव."

आता सोडवायचं म्हणजे पान दुभागायचं, स्प्लिट करायचं. ते काम तांत्रिकदृष्ट्या दहा मिनिटांचं. पण कंपनीचा नियम असा की ओळख पटलेल्या कलाकाराला त्याच्या लेखी संमतीशिवाय पानावरून हलवता येत नाही. कुणी कुणाचं पान बळकावू नये म्हणून हा नियम केला होता. आता आमच्या लेखी खरे कलाकार काणे होते. नाना काने ही गायिका त्यांच्या पानावर चार अल्बम टाकून बसलेली कुणीतरी आगंतुक होती.

मी ओकाबे-सानना हे कळवलं.

"म्हणजे तिने सिद्ध करायचं, की ती तीच आहे?"

"फॉर्म आहे," मी म्हणाले.

तासाभरात त्यांनी चाळीस पानांचा दस्तऐवज पाठवला. नाना कानेची संपूर्ण कारकीर्द. मी असले बरेच दस्तऐवज वाचलेत, पण हा मी जेवायचा डबा बाजूला ठेवून वाचला.

सोळाव्या वर्षी ती एका किनाऱ्यावरच्या गावात पाच मुलींच्या ग्रुपमध्ये होती. ग्रुपचं काम गावच्या कांद्याची जाहिरात करणं. प्रत्येकीला कांद्याचा एक पापुद्रा ठरलेला. ही चौथा पापुद्रा. रविवारी मॉलमध्ये नाच. तीन वर्षांनी गावाने कांद्याऐवजी पर्यटनावर भर द्यायचं ठरवलं आणि ग्रुप बंद झाला. मग ती टोकियोला आली आणि कॅराओके बनवणाऱ्या कंपनीत लागली. दुसऱ्यांची गाणी ऐकून त्यांचं संगीत सुटं करायचं आणि कॉम्प्युटरवर एकेक सूर पुन्हा भरायचा. अशी तिने काही हजार गाणी भरली. संगीत ती तिथे शिकली. घरी कपाटात गाद्या लावून स्वतःची गाणी रेकॉर्ड करू लागली. ढोल कॉम्प्युटरचा, बासरी कॉम्प्युटरची, स्वतःचा आवाजही कॉम्प्युटरमधून गाळून घेतलेला. याला इलेक्ट्रोपॉप म्हणतात. पहिला अल्बम चालला, दुसरा गाजला. मधल्या काळात तिने एका लिफ्ट कंपनीसाठी दारं उघडतानाचा सूर बनवला. तिसरा अल्बम, चौथा अल्बम. मग दोन वर्षं काहीच नाही.

'काही नाही'चं कारण दस्तऐवजात नव्हतं. 'विश्रांती' असा एकच शब्द होता.

*

घरी सेंगकांगला पोचल्यावर जेवताना मी नाव काढलं. माझी मुलगी ईशा चौदा वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत येतं.

"नाना काने? आई, शी इज सो फेमस नाऊ लाह! द नी थिंग!"

"कसला नी?"

तिने फोन पुढे केला. आमच्या ॲपवर चाहते कलाकाराला प्रश्न विचारू शकतात. उत्तर कुठल्याही भाषेत लिहिलं तरी ॲप ते आपोआप भाषांतरित करून दाखवतं. गेले सहा आठवडे काणे आजोबा मिरजेहून मराठीत उत्तरं देत होते, आणि जपानी पोरं ती जपानीत वाचत होती.

कुणीतरी विचारलं होतं, पुढचा अल्बम कधी? आजोबांनी लिहिलं होतं, 'गुडघ्याचं ऑपरेशन झालं की बघू.' भाषांतर झालं होतं, 'गुडघा उघडल्यानंतर आपण पाहू.'

दुसऱ्या कुणी विचारलं होतं, तुम्हाला कधी एकटं वाटतं का? आजोबांचं उत्तर, 'छे. सून आहे. आत्ता माळ्यावर गेली आहे.' मशीनला 'सून' हा इंग्रजी शब्द वाटला. भाषांतर, 'लवकरच आहे. लवकरच वर गेली आहे.'

त्यावर चाहत्यांच्या चर्चा होत्या. 'लवकरच' हे नव्या अल्बमचं नाव असणार. 'वर' म्हणजे स्वर्ग, किंवा सॅटेलाइट. पावकी-निमकी ही तिने निर्माण केलेली भाषा. तिने स्वतःचा आवाज यंत्रातून वृद्ध पुरुषाचा करून घेतलाय. आणि बहुतेकांचं मत एकच: हे तिचं आजवरचं सर्वांत धाडसी काम आहे.

ईशाच्या वर्गातल्या एका मुलीच्या बॅगेवर गुडघ्याचं चित्र होतं.

"ते गणिताचे मास्तर आहेत गं," मी म्हणाले.

ईशाने घास तसाच ठेवला. "आई. डोन्ट टेल एनीवन. पीपल विल क्राय."

*

बुधवारी ऑफिसला पोचल्या पोचल्या मिशेल म्हणाली, "मी आकडे बघितले. ऐकणारे तिप्पट झालेत. मेबी डोन्ट स्प्लिट सो फास्ट?"

"ती पाढे म्हणत नाही, मिशेल."

"सो? लोकांना आवडतंय."

दुपारी मी मिरजेला फोन लावला. आपल्याकडचे सकाळचे अकरा वाजले असतील.

"काणे सर बोलताय का?"

"बोलतोय. कोण?"

"मी वैशाली. सिंगापूरहून बोलतेय, म्युझिक ॲपच्या ऑफिसातून."

"अच्छा. आणि आता माझं पार्सल कस्टममध्ये अडकलंय म्हणून सांगणार."

"नाही हो सर. मी खरंच—"

"मराठी शाळेत शिकलात?"

"हो. पुण्यात."

"सत्तावीस साते?"

समोर लॅपटॉप होता, पण त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मी मनातल्या मनात सत्तावीस सक एकशे बासष्टवर आले, त्यात सत्तावीस मिळवले. "एकशे एकोणनव्वद."

"उशिरा आलं. पण आलं," सर म्हणाले. "बोला."

मिरजेच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. पोरांच्या डोक्यात पाढे राहत नाहीत, गाणी राहतात, हे बघून त्यांनी पाढ्यांना चाली लावल्या. तबल्याला चित्रकलेचे दामले मास्तर. कॅसेट काढली, शाळेत वाटली. आता सून स्नेहलने ती जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन ॲपवर चढवली होती. चढवताना विचारलं गेलं, 'तुम्ही हेच नाना काणे का?' नाव तर हेच होतं. तिने हो म्हटलं.

मी त्यांना जपानी गायिकेबद्दल सांगितलं. सगळं सांगायचं ठरवून फोन केला होता. तरी शेवटचं वाक्य, म्हणजे 'ते ऐकणारे तुमचे नाहीत', माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "थोडा गोंधळ झालाय. एक फॉर्म भरावा लागेल."

"पाठवा. मी वाचून सांगतो. न वाचता सही करायची नाही, हे मी मुलांना शिकवलंय."

गुरुवारी त्यांचा निरोप आला. फॉर्म वाचला. सही करण्यापूर्वी त्या बाईंशी बोलायचं आहे. मी तो निरोप संकोचतच ओकाबे-सानना पाठवला, आणि त्यांच्याकडून पाचच मिनिटांत उत्तर आलं. तिलाही बोलायचं होतं.

*

शुक्रवारी दुपारी कार्यक्रमाच्या हॉलच्या मागच्या खोलीत मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तिशीची, बारीक, करडा टी-शर्ट. एका हातात सोललेलं केळं होतं, ते ती खायचं विसरली होती. ओकाबे-सान तिच्या शेजारी सरळ बसले होते. मी लॅपटॉप ठेवला. तिकडे काणे सर कोट घालून बसले होते. खाली लेंगा होता, तो ते पाणी आणायला उठले तेव्हा दिसला.

व्यवस्था अशी होती. सर मराठीत बोलणार, मी इंग्रजी करणार, ओकाबे-सान जपानी करणार. परतीचा प्रवास तसाच.

सरांनी वही उघडली. "मी तुमची सगळी गाणी ऐकली. चारही अल्बम. दुसऱ्या अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात ठेका अर्धी मात्रा मागे पडतो."

ते तिच्यापर्यंत पोचलं. ती म्हणाली, "ते मुद्दाम आहे."

"मुलंही असंच सांगतात," सर म्हणाले.

हे ओकाबे-साननी भाषांतर केलं नाही. तिने त्यांना कोपराने ढोसलं. मग त्यांनी केलं. ती हसली.

तिने तिचं नाव सांगितलं. जपानीत नाना म्हणजे सात, काने म्हणजे घंटा. सात घंटा. स्टेजसाठी घेतलेलं नाव. सरांचं नाव विचारलं. सर म्हणाले, "माझं नाव नारायण. पण घरातला थोरला, म्हणून नाना. काणे हे आडनाव. त्यात काही अर्थ नाही, कोकणातून आलो."

मग ती एकदम गंभीर झाली. हळू बोलू लागली. ओकाबे-सान मधेच थांबले, चष्मा पुसला, पुन्हा सुरू झाले.

"ती म्हणते, दोन वर्षं तिला गाणं सुचलं नाही. रोज कॉम्प्युटरसमोर बसायची, रोज पुसून टाकायची. मग अचानक लोक परत आले. म्हणाले, हे तुझं सगळ्यात चांगलं काम. तिला आधी वाटलं, आपणच केलंय आणि विसरलो. तिने तुमची औटकी चाळीस वेळा ऐकली. ती खरंच तिच्या गाण्यांपेक्षा चांगली आहे. आज संध्याकाळी तिचं गाणं येणार आहे. तिला ते येऊ द्यायचं नाहीये."

मिशेलने माझ्या फोनवर तेवढ्यात मेसेज टाकला होता, 'साइन्ड?' मी फोन उलटा ठेवला.

सरांनी ऐकून घेतलं. "हे सगळं एकट्या करता? शब्द, चाल, पेटी, ढोल?"

"हो."

"शेजारी कुणी नाही?"

"नाही."

"मग चुकल्यावर कोणाकडे बघता?"

ते जपानीत गेलं. सर पुढे म्हणाले, "औटकीत मी तीनदा चुकलोय. साडेचोवीसला अडखळलो, तिथे दामल्याने दोन मात्रा जास्त मारून मला वेळ दिला. लोकांना ते आवडतंय. माझं गाणं नाही हो चांगलं. दामल्याने सांभाळून घेतलंय, ते चांगलं आहे."

तिने हातातलं केळं ओकाबे-सानच्या हातात दिलं आणि वही काढून काहीतरी लिहिलं.

आता माझी वेळ होती. "सर, एक गोष्ट मी परवा सांगायला हवी होती. हे जे ऐकणारे आहेत..."

"ते यांचे आहेत," सर म्हणाले. "अहो, मी गणिताचा मास्तर. मिरजेच्या मास्तराचे पाढे पहिल्याच आठवड्यात लाखभर जपानी लोक ऐकतात, हे मला पटेल का? मला पहिल्या दिवशीच कळलं की उत्तर चुकलंय. कुठे चुकलंय ते कळत नव्हतं."

"मग तुम्ही उत्तरं का देत होता?"

सर माझ्याकडे, अनुत्तीर्ण मुलीकडे बघावं तसं बघत होते. "मुलं प्रश्न विचारत होती. उत्तर नको द्यायला?"

सही करायला त्यांची एकच अट होती. पानावर अजून शंभरावर प्रश्न पडून होते. ते तसेच टाकून जायचं नाही.

म्हणून साउंड चेकची वेळ झाली होती तरी पाऊण तास आम्ही चौघांनी प्रश्न निकाली काढले. गाण्याचे प्रश्न तिने घेतले. इतर सरांनी. परीक्षेत नापास झालो, काय करू? सर: 'पुन्हा बस.' मुलीला मनातलं कसं सांगू? तिने सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी ओकाबे-साननी उत्तर दिलं. ते काय लिहिलं हे त्यांनी भाषांतर करायला नकार दिला.

मग फॉर्म. सगळं भरून झालं, शेवटचा रकाना उरला, 'विभक्त होण्याचं कारण'. तो रिकामा ठेवता येत नाही. पर्याय चार: मृत्यू, कायदेशीर वाद, कलाविषयक मतभेद, ग्रुप विसर्जित. 'आमची चूक' असा पर्याय आमच्या कंपनीने ठेवलेला नाही.

"मृत्यू नको," सर म्हणाले.

"वाद पण नको," ओकाबे-सान म्हणाले.

"मतभेद? ठेक्यावरून आहे जरासा," सर म्हणाले, "पण एवढा नाही."

आम्ही 'ग्रुप विसर्जित' निवडलं. सरांनी सही केली. मी बटण दाबलं. चार वाजून दहा मिनिटांनी दोन सातबारे झाले.

चार वाजून अकरा मिनिटांनी सिस्टिमने सगळ्या चाहत्यांना आपोआप सूचना पाठवली, 'नाना काने विसर्जित झाले आहेत.'

*

ही सूचना जाते हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत मी कुठला ग्रुप विसर्जित केला नव्हता.

साडेचारला ईशाचा फोन. "आई, व्हॉट डिड यू डू?" मागे मुली रडत होत्या. मिशेलचे सात मेसेज. सूचना मागे घेता येते का, मी ऑफिसात विचारलं. येते, पण त्यासाठी आधी ग्रुप पुन्हा एकत्र आणावा लागतो.

आता गाणं थांबवायला ओकाबे-सान फोन उचलणार इतक्यात तिने त्यांचा हात धरला. काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, येऊ द्या. आता याहून वाईट काय होणार."

सहाला गाणं आलं. लोकांनी ते निरोपाचं गाणं म्हणून ऐकलं. ओळ न् ओळ समजावून घेतली. हुंदके देत ऐकलं. गाणं फ्रीजबद्दल होतं. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात फ्रीज गुणगुणतो आणि ती त्याच्या सुरात सूर मिसळते, असं. साधं होतं, आणि छान होतं. पाच वेळा ऐकल्यावर लोकांच्याही ते लक्षात येऊ लागलं.

शनिवारी कार्यक्रमाला मी ईशाला घेऊन गेले. निम्मे लोक काळ्या कपड्यांत. काहींच्या हातात पांढरी फुलं. ती स्टेजवर आली, माइकपाशी उभी राहिली आणि पाठ केलेल्या इंग्रजीत म्हणाली, "मी विसर्जित झालेली नाही. मी एकच माणूस आहे. सर दुसरे माणूस आहेत. ते मिरजेत आहेत. त्यांचा गुडघा सोमवारी आहे."

लोकांना काहीही कळलं नाही. तरी टाळ्या कडकडल्या.

तिसऱ्या गाण्यात लॅपटॉप बंद पडला. ढोल गेला, बासरी गेली, सगळंच गेलं. पाच हजार लोकांसमोर नुसता तिचा न गाळलेला आवाज उरला, आणि तोही थांबला. तिने विंगेत बघितलं. तिथे ओकाबे-सान उभे होते. त्या माणसाला मी आठवडाभरात एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. त्या क्षणी ते हसले, इतके वेडेवाकडे की त्यांना सराव नाही हे लांबूनही कळलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी ठेका धरायला सुरुवात केली. ठेका चुकत होता. तिने तो तसाच उचलला आणि गाणं पुढे नेलं.

"शी इज लाफिंग," असं काहीसं ईशा माझ्या कानात ओरडली. मला गर्दीत नीट ऐकू आलं नाही, पण दिसत होतं.

*

पुढच्या गोष्टी थोडक्यात. त्या दौऱ्यानंतर तिने पहिल्यांदाच एक ड्रमर घेतली. तिच्या कॅराओके कंपनीतली जुनी सहकारी. नवा अल्बम झाला आहे. समीक्षकांनी लिहिलं, आधीइतका विचित्र नाही.

काणे सरांच्या नव्या पानावर पहिल्या दिवशी अकरा ऐकणारे होते. त्यात स्नेहल दोन फोनवरून. महिन्याभरात ते एकसष्ट झाले आणि तिथेच थांबले. मी हे सांगायला फोन केला तेव्हा मला वाईट वाटत होतं. सर म्हणाले, "एकसष्ट म्हणजे एक तुकडी झाली. त्याहून जास्त असले की मागच्या बाकांवर लक्ष राहत नाही." त्यातली निम्मी मुलं जपानची आहेत. ती पाठ करून पाढे पाठवतात. सर तपासतात.

ऑफिसात चौकशी झाली. मंजुरी माझी, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असल्यामुळे चौकशीला शोधायला काही उरलं नाही. बॅच दोनशेवरून वीसवर आणली. मर्ज करण्यापूर्वी दोन्हीकडचं एकेक गाणं ऐकावं, अशी एक ओळ नियमात घातली. त्याला सहा मिनिटं लागतात. ती ओळ मंजूर व्हायला चार महिने आणि तीन देशांतल्या वरिष्ठांच्या सह्या लागल्या. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मिशेलने माझ्या नावापुढे लिहिलं, 'प्रक्रियेत महत्त्वाची सुधारणा घडवून आणली.'

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. चूक आपली असेल तर पहिल्या तासात सांगून टाकावी. म्हणजे ती निस्तरायचं काम आपल्याकडेच राहतं. दुसऱ्याकडे गेलं तर तो निस्तरत नाही, अहवाल लिहितो.